मेलेली डिस्क नेमकी कुठल्या स्लॉटमध्ये?

रेड ५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवायच्या पद्धतीत, एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो, दुसरी गेली की खेळ खल्लास. आणि ही दुसरी डिस्क कधीकधी आपणहून मरतच नाही, चांगली चालू असताना कोणीतरी हाताने ओढून बाहेर काढतं कारण त्याला वाटतं खराब झालेली ती हीच. २यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) उंचीच्या डब्यात समोरून छोट्या साइजच्या २४ डिस्क दिसतात, मोठे ड्रॉवरवाले एनक्लोजर, म्हणजे डिस्क ठेवायचे डबे, घेतले तर एकेकात ६०, ८४ अशा बसतात, सगळ्या एकसारख्या ट्रेमध्ये, आणि एकीवर पण लिहिलेलं नसतं की लिनक्समध्ये मला एसडीके म्हणतात म्हणून.

आपल्याकडे तर अजून एक भानगड. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर रोडचा एमआयडीसीचा पट्टा आता डेटा सेंटरने भरत चाललाय, पण कमांड मारणारा माणूस तिथे असतोच असं नाही, तो घोडबंदर रोडला घरी लॅपटॉप उघडून बसलेला असतो आणि रॅकसमोर उभा असतो डेटा सेंटरचा टेक्निशियन, ज्याने हे मशिन आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं असतं. मग पंख्यांच्या गोंगाटात फोनवर चालू होतं, "सर, डावीकडून मोजू की उजवीकडून?" "दादा, डावीकडून सातवी." "पहिलीला शून्य धरायचं का एक?" इथेच खरी गोची आहे. त्यापेक्षा ठाण्यातून एक कमांड मारायची, महापेला एक लाइट लुकलुकायला लागते, "दादा, निळी लाइट चमकतेय ना, तीच काढा", विषय संपला.

पण ही लाइट लागते कशी हे बघण्यासारखं आहे. समोर दिसणाऱ्या सगळ्या लाइट एकाच घरच्या नसतात. हिरवी, जी लिहिता-वाचताना फडफडते, ती बऱ्याच डब्यांमध्ये डिस्क स्वतः चालवते, साटा आणि सास (डिस्क जोडायच्या दोन पद्धती) डिस्कच्या पॉवर कनेक्टरमध्ये ११ नंबरची पिन असते तिचा एक उपयोग हाच. निळी किंवा नारिंगी लाइट मात्र डिस्कच्या ताब्यात नसते, ती एनक्लोजरच्या बोर्डाकडे असते, बऱ्याचदा एलईडी मागच्या बॅकप्लेनवरच, म्हणजे डिस्क ज्यात खोचतात त्या बोर्डावर, असतो आणि ट्रेमधली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी त्याचा उजेड पुढे आणते. म्हणजे ती लाइट स्लॉटची झाली, डिस्कची नव्हे. डिस्क ठार मेली, तिची पॉवर गेली, अगदी स्लॉट रिकामा असला तरी बहुतेक एनक्लोजर ती लावू शकतात. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप सुटतात.

(निळ्या लाइटची चैन तशी अलीकडचीच. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला, चांगला झगझगीत निळा यायला १९९३ उजाडलं, शुजी नाकामुरा यांच्या कामातून, आणि २०१४ चं फिजिक्सचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याच निळ्या एलईडीसाठी मिळालं.)

आता कमांड त्या बोर्डापर्यंत पोचते कशी? साध्या सर्व्हरमध्ये कंट्रोलर आणि बॅकप्लेनच्या मध्ये एसजीपीआयओ नावाची ४ तारांची वायरिंग असते, तिच्यावरून प्रत्येक डिस्कमागे ३ बिट जातात, अ‍ॅक्टिव्हिटी, लोकेट म्हणजे "मी इथे आहे" आणि फेल, बास. मोठ्या एनक्लोजरमध्ये जास्त मजा आहे, तिथे डबा स्वतःच एक स्कझी (डिस्कशी बोलायची एक ठरलेली पद्धत) डिव्हाइस म्हणून कॉम्प्युटरला दिसतो. डिस्कचा टाइप नंबर ० असतो, एनक्लोजरचा १३. त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे एसईएस, स्कझी एनक्लोजर सर्व्हिसेस. "तुझी तब्येत सांग" म्हटलं की तो पंखे, पॉवर सप्लाय, टेम्परेचर आणि प्रत्येक स्लॉटची हालत एका पानात लिहून पाठवतो, आणि लाइट लावायची असेल तर आपण तसंच पान त्याला परत पाठवायचं, फक्त त्या स्लॉटच्या ४ बाइटमधले दोन बिट १ करून, एक सिलेक्टचा, म्हणजे हाच स्लॉट बदलायचाय, आणि दुसरा आयडेंटचा, म्हणजे लोकेटची लाइट लाव. एवढ्या मोठ्या खटाटोपाचा शेवट दोन बिटमध्ये होतो हे मला फार आवडतं.

लिनक्सवर हे करायचे तीन-चार रस्ते आहेत. सगळ्यात सोपं लेडसीटीएल नावाचं टूल, त्याला लोकेट म्हणायचं, बरोबरचं चिन्ह टाकून डिस्कचं नाव द्यायचं, आणि बंद करायला लोकेट-ऑफ, मधे अंडरस्कोर. पण याची एक खोड माहीत असायला हवी, जुन्या व्हर्जनमध्ये तुम्ही ज्या डिस्कचं नाव घेतलं नाही तिची लाइट ते स्वतःहून नॉर्मल करून टाकतं, म्हणजे पाचव्या स्लॉटची लावली आणि नंतर नवव्याची लावायला गेलात तर पाचवी विझते आणि तिकडे उभा असलेला माणूस म्हणतो सर बंद झाली. त्यासाठी लिस्टेड-ओन्लीचा ऑप्शन आहे, तो द्यायचा. दुसरा रस्ता एसजी-एसईएस, हे एसईएसशी थेट बोलतं, आयडेंट सेट कर, क्लिअर कर, फॉल्ट सेट कर, असं स्लॉटच्या नंबराने सांगता येतं. तिसरा रस्ता तर कुठलंच टूल मागत नाही, कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एसईएस ड्रायव्हर लोड असेल तर सिस फोल्डरमध्ये क्लास आणि त्यात एनक्लोजर अशा जागी प्रत्येक स्लॉटचं फोल्डर तयार होतं, आत लोकेट नावाची फाइल असते, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन तिच्यात १ लिहिलं की लाइट चालू, ० लिहिलं की बंद. आणि हार्डवेअर रेड कार्ड असेल तर ते डिस्क स्वतःमागे लपवून ठेवतं, तिथे कार्डवाल्या कंपनीचं टूलच वापरावं लागतं, त्यात पण लोकेट चालू करायची कमांड असतेच.

टूल सोपी आहेत, अवघड आहे ते कुठली डिस्क कुठल्या स्लॉटमध्ये हे ठरवणं. एसडीबी, एसडीसी ही नावं म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या लायनीतला नंबर, आज तिसरा उभा असलेला माणूस उद्या तिसरा असेलच असं नाही. रीबूट झालं, एखादी डिस्क उशिरा जागी झाली, की नावं सरकतात. शिवाय डब्याला दोन केबल लावलेल्या असतील तर एकच डिस्क दोन नावांनी दिसते. म्हणून कालच्या लॉगमध्ये एसडीके खराब दिसली म्हणून आज एसडीकेची लाइट लावायची नाही, आधी सिरीयल नंबर काढायचा, तो डिस्कबरोबर जन्मभर राहतो. सास डिस्कला स्वतःचा पत्ता पण असतो आणि एसईएसच्या एका पानात कुठल्या स्लॉटमध्ये कुठला पत्ता बसलाय ते एनक्लोजर सांगतं, ती जोडी जुळली की झालं.

आणि टेक्निशियनदादाचा तो शून्य की एकचा प्रश्न अजिबात वेडगळ नाही. एसजी-एसईएसमध्ये इंडेक्स ० पासून मोजला जातो आणि डब्याच्या स्टिकरवर कित्येकदा १ पासून, त्यामुळे ७ म्हटलं तर लाइट लागते आठव्याची आणि निघते चांगली डिस्क. इंडेक्स सोडून स्लॉट नंबर देण्याचा वेगळा ऑप्शन आहे, तो बरा.

मग डिस्क इतकी मेली असेल की लिनक्सला दिसतच नाही, तर? नावच नाही म्हटल्यावर नावाने लाइट लावता येत नाही, पण स्लॉटच्या नंबराने येते, लाइट स्लॉटची आहे ना. आणि एनक्लोजर जुनाट असेल, लोकेटची सोयच नसेल, तर उलटा डाव टाकायचा. डीडी ही कॉपी करायची कमांड वापरून सगळ्या जिवंत डिस्क, स्पेअरसकट, नुसत्या वाचत सुटायचं आणि वाचलेलं डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, फेकायचं, सगळीकडे हिरवी फडफड चालू होते, जी गप्प ती आपली. फक्त डीडीमध्ये इनपुट आणि आउटपुटची अदलाबदल झाली तर डिस्कवरच लिहिलं जातं, तेव्हा एंटर मारायच्या आधी दोनदा वाचा.

लुकलुकण्याच्या पद्धतीचं पण स्टँडर्ड आहे, आयबीपीआय नावाचं. लोकेट म्हणजे सेकंदाला ४ वेळा भरभर, रीबिल्ड (नवीन डिस्कवर डेटा परत भरणं) म्हणजे सेकंदाला एकदा संथ, फेल म्हणजे सलग पेटलेली. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्यांच्यासाठी हे रंगापेक्षा कामाचं आहे. सगळे कंपनीवाले पाळतात असं मात्र नाही, मॅन्युअल बघितलेलं बरं. एनव्हीएमई प्रकारच्या डिस्क थेट कॉम्प्युटरच्या आतल्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीवर बसतात, मध्ये एसईएस नसतंच म्हटलं तरी चालेल, त्यांच्यासाठी एनपीईएम नावाची वेगळी सोय आलीय आणि लेडसीटीएलला ती पण कळते.

डिस्क बाहेर आली की लगेच तिच्यावरचा सिरीयल नंबर फोनवर वाचून घ्यायचा, जुळला तरच नवीन आत. २० टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने भरायची म्हटलं तर रीबिल्डला साधारण २८ तास लागतात, ते पण मशिनवर दुसरं काही काम नसेल तर. आणि नवीन डिस्क बसली म्हणून लोकेट आपोआप विझेल या भरवशावर राहू नका, जुनी गेली तरी स्लॉट तोच आहे, लाइट तशीच चमकत राहू शकते, तेव्हा फोन ठेवायच्या आधी ऑफची कमांड मारून "दादा, बंद झाली का?" हे विचारून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी एकाच डब्यात दोन स्लॉट चमकतील.