बूट नेलेत, आता पायात घाला
(आमच्या सातारच्या दुकानातून बूट नेणाऱ्यांसाठी. खोक्यातला हा कागद बोळा करून बुटात कोंबण्याआधी एकदा वाचा.)

दर पावसाळा संपला की आमच्याकडे काही जोड तक्रारीला येतात. "सोलचा भुगा झाला हो, माल खराब दिलात." आम्ही बूट उलटा करून बघतो. टाचेवरची नक्षी जशी कारखान्यातून आली तशीच असते, एक रेघ झिजलेली नसते. दीड-दोन वर्षं जोड कपाटात पडून राहिलेला असतो. पॉलियुरेथेनचा सोल हवेतला दमटपणा धरतो, आतून त्याची वीण सुटत जाते, आणि सातारचे दोन पावसाळे असे बंद कपाटात काढल्यावर पहिल्याच फेरीला त्याचे तुकडे पडतात. बदलून देता येतो तेव्हा देतो. पण गिऱ्हाईक बूट घेतं म्हणजे चालायला लागतं असं नाही, हे आम्हाला या जोडांनी शिकवलं. म्हणून या कागदावर बुटांपेक्षा चालण्याबद्दल जास्त लिहिलंय.

किती चाललं म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये मोठ्या माणसांसाठी आकडा दिला आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, किंवा पळण्यासारखा जोराचा असेल तर 75 ते 150 मिनिटं. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. पूर्वी एक अट होती, सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत, नाहीतर मोजायचं नाही. 2020 मध्ये ती काढून टाकली. दूध आणायला झपाझप गेलात ती चार मिनिटं, बँकेचा जिना चढलात ते एक मिनिट, सगळं जमेला धरा. "वेळच मिळत नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही हे आधी सांगतो.

मध्यम जोर कसा ओळखायचा? घड्याळ लागत नाही. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जाताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, पण गवळण म्हणायला गेलात तर मध्येच श्वास घ्यावा लागला पाहिजे. आरामात गाता येत असेल तर वेग वाढवा. बोलतानाच शब्द तुटत असतील तर कमी करा.

दहा हजार पावलांचं काय, हे रोज कुणीतरी विचारतंच. हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लक्षात राहिलं, आकडा जगभर गेला. धंद्याच्या दृष्टीनं मानलं पाहिजे त्यांना. पुढं अमेरिकेत सरासरी 72 वर्षं वयाच्या सोळा हजारांवर बायकांच्या पावलांची नोंद ठेवून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा थांबला, त्यापुढं वाढला नाही. तेव्हा साठी-सत्तरीच्या गिऱ्हाइकांनी दहा हजार भरत नाहीत म्हणून रात्री साडेनऊला घरात येरझारा घालण्याची गरज नाही.

बसून राहणाऱ्यांसाठी

लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून जेरी मॉरिस या डॉक्टरांनी 1953 मध्ये एक गोष्ट दाखवली: दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. बस तीच, रस्ता तोच. आमच्या गिऱ्हाइकांत गल्ल्यावर बसणारे, कचेरीत बसणारे आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताई पुष्कळ आहेत. त्यांनी तासाला एकदा उठावं, पाणी स्वतः आणावं, फोन उभ्यानं घ्यावा. आमचं त्याबाबत बरं आहे. दर गिऱ्हाइकामागं माळ्यावर तीनदा चढावं लागतं आणि शेवटी पहिलाच जोड पसंत पडतो.

शतपावली तर आपल्या भाषेतच आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप 2 मधुमेह असलेल्या 41 जणांवर एक प्रयोग झाला, 2016 मध्ये तो छापून आला. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालायला लावलं. जेवणानंतर चढणारी साखर सरासरी 12 टक्के कमी चढली, आणि सर्वांत जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट होतं, त्यामुळं शतपावलीचा अर्थ सढळ हातानं लावा आणि सहस्रपावली करा. गल्लीच्या टोकापर्यंत दोन-तीन फेऱ्या पुरतात. त्यासाठी स्पोर्ट्स शूजही लागत नाहीत.

चढ आणि उतार

सातारकरांना जिमची वर्गणी भरण्याआधी अजिंक्यताऱ्याकडं बघावंसं का वाटत नाही, हे आम्हाला कोडं आहे. चढाला तोच माणूस त्याच वेगानं चालला तरी हृदयाला जास्त काम पडतं, मांड्या आणि पोटऱ्या तयार होतात. चढताना पाऊल लहान टाका, धाप लागली तर लाज न बाळगता उभे राहा.

गुडघे बोलतात ते उतरताना. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणल्या अवस्थेत वजन पेलावं लागतं, गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. पहिल्यांदा गड चढून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उलटा उतरतो तो त्यामुळंच. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट करा, नाहीतर पाय पुढं सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं. सरळ खाली झेपावू नका, थोडं नागमोडी उतरा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. गुडघेदुखी असेल तर चालत वर जा आणि कुणाच्या तरी गाडीवर बसून खाली या. गाडीरस्ता आहेच. आमचे एक निवृत्त शिक्षक गिऱ्हाईक वर्षानुवर्षं हेच करतात. लोक हसायचे, आता त्यांच्यासारखं गाडीवर बसून उतरायला नंबर लागतो.

यवतेश्वर घाटात फिरणाऱ्यांनी उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं आणि पांढरा किंवा भडक शर्ट घालावा. कासला फुलं आली की शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर फिरायला जाऊच नका. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर कुठलाच सोल टिकत नाही, आमचाही नाही. अशा दिवशी घराचा जिना दहा वेळा चढलेला बरा.

2012 पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि ती जवळ आली की "एकवीस किलोमीटरला चालेल असा बूट द्या" म्हणत कधी न पळालेली मुलं येतात. बूट देतो. पण नडगीचं दुखणं अंतर एकदम वाढवल्यानं येतं, बुटानं ते थांबत नाही. आधी महिनाभर नुसतं भरभर चाला, मग चालण्यात थोडं थोडं पळणं मिसळा, आणि दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवा. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट घालू नका. वारीला निघणाऱ्यांनाही हेच. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर चालायचं असतं, तिथं महिनाभर वापरून सैल झालेला जोड न्या आणि फोड येऊ नयेत म्हणून एकावर एक दोन पातळ मोजे घाला. फोड बहुतेकदा ओल्या मोज्यानं येतात, बदली मोजे हाताशी ठेवा.

ताकद

चालणारे बहुतेक जण इथं कमी पडतात. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू उतरायला लागतात आणि नुसत्या चालण्यानं ते भरून येत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. लहानपणी घातलेले असतील तर सहा नमस्कारांपासून पुन्हा सुरू करा. पाठ किंवा मनगट दुखत असेल, रक्तदाब काबूत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांना नमस्कार जमत नाहीत त्यांच्यासाठी भिंतीला टेकवलेली एक खुर्ची पुरते. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठा, बसा. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा. बसताना धपकन नको, सावकाश. गुडघ्याला आधार देणारा मांडीचा स्नायू यानंच धरतो. स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याची वाट बघत उभे असता तेव्हा ओट्याला धरून टाचा वर उचला, खाली आणा. पासष्टीच्या पुढं तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा असं सांगितलं जातं. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा, आधी दहा सेकंद, मग वाढवा.

पायाचं, बुटाचं

बूट संध्याकाळी घ्यायला या. दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा हवी. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतोच, मोठ्या पायाचं माप धरा. साडीवर बूट नको वाटत असेल तर मागं पट्टा असलेली सँडल चालते. नुसत्या स्लीपरवर लांब चालू नका, ती सुटू नये म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात आणि पोटऱ्या भरून येतात.

पळणाऱ्यांचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर आतून बसतो. रोज तीन किलोमीटर पळत असाल तर सहा ते नऊ महिने. नुसतं चालणाऱ्यांचा त्याहून पुष्कळ टिकतो. विकणाऱ्यानं हे सांगू नये, पण फाटेपर्यंत घाला. ओला झालेला बूट उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभरानं बदला, मग पंख्याखाली ठेवा.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच टोचते आणि मग कमी होते, अशी तक्रार असेल तर ती बहुधा तळपायाच्या पट्ट्याची. भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ ठेवून पोटरी ताणा, अर्धा मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. पाण्याची गार बाटली तळपायाखाली लाटा. यानं आराम पडायला आठवडे लागतात. पडलाच नाही तर आमच्याकडं नवी जोडी मागण्याआधी डॉक्टरांकडं जा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र नीट वाचा. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर खडा टोचलेला कळत नाही. बूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात फिरवा. रात्री तळपाय आरशात बघा. देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी अनवाणी जाऊ नका, तिथं भाजलेलं घरी आल्यावर दिसतं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालायला निघताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच तोंडात टाका. कंदी पेढा त्यासाठी उपयोगाचा नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळं त्यातली साखर रक्तात सावकाश पोचते. तो इतर वेळी खायचा की नाही, ते तुमचं आणि तुमच्या डॉक्टरांचं.

चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तिथंच बसा आणि 108 ला फोन करा. "थोडं पुढं जाऊन बघू" म्हणू नका.

पहिले आठ दिवस नवा जोड घरातच फरशीवर घालून फिरा. कुठं चावला तर खोकं आणि पावती घेऊन या, रस्त्यावर वापरला नसेल तर माप बदलून देऊ. जुना जोड आणलात तर सोल बघून सांगू, पैसे नाहीत. टाच बाहेरच्या कडेला झिजलेली असेल तर काळजी नको, बहुतेकांची तशीच झिजते. दोन्ही बुटांची झीज अगदी वेगवेगळी दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडं जाताना तो जोड बरोबर न्या.