सुवर्णकाळ, ऑस्ट्रेलियन मोटरसायकल रोड रेसिंगचा

ऑस्ट्रेलियातील मोटरसायकल शौकीन ज्याला ‘सुवर्णकाळ’ म्हणतात तो ढोबळमानाने १९५० ते १९८५ असा धरला जातो. त्यातही खरा जीव १९७३ ते १९८२ या दशकात अडकलेला आहे. जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या नियमांत या दशकातील गाड्यांच्या वर्गाला ‘फरगॉटन इरा’, म्हणजे विसरलेला काळ, असे नाव आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त आठवणी निघतात त्या याच काळाच्या. या स्मरणरंजनात धोक्याचा उल्लेख अभिमानाने होतो, पण धोका नेमका कशात होता हे बहुतेक वेळा सांगायचे राहून जाते. तो होता रस्त्यात, इंजिनात आणि टायरमध्ये.

सुरुवातीच्या शर्यती रोजच्या वापराचे रस्ते बंद करून होत. टास्मानियातील लाँगफर्डचा मार्ग (१९५३–१९६८) सुमारे ७.२ किलोमीटरचा होता. रेल्वेपुलाखालून जाणारे वळण, नदीवरचे लाकडी पूल, आगगाडीचे रूळ आणि कोपऱ्यावरची दारूची पबवजा खानावळ हे सगळे एकाच फेरीत येई. ओल्या लाकडी फळ्यांवर ब्रेक लावणे म्हणजे पडणेच, म्हणून गती कमी करण्याचे काम पुलाच्या आधीच उरकावे लागे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील लोबेथल त्याहून लांब, जवळजवळ १४ किलोमीटरचा. तेथील शर्यती १९४८ मध्ये थांबल्या.

पण आठवणींची राजधानी एकच, न्यू साउथ वेल्समधील बॅथर्स्ट गावाजवळचा माउंट पॅनोरामा. येथे इस्टरच्या सुट्टीत १९३८ पासून मोटरसायकली धावल्या, युद्धकाळाचा खंड वगळता. जुना मार्ग ६.१७२ किलोमीटरचा, तळ आणि माथा यांच्या उंचीत १७४ मीटरचा फरक, आणि सर्वांत तीव्र चढ सुमारे सहास एक. ठिकाणांची नावेच इतिहास सांगतात. हेल कॉर्नरच्या आतल्या कडेला पूर्वी झाडाचा बुंधा होता. त्याला धडकणारा स्वार थेट नरकात जाईल, असे म्हटले जाई. फॉरेस्ट्स एल्बो हे नाव जॅक फॉरेस्ट या मोटरसायकलस्वारावरून पडले. गाडी घसरून त्याचे कोपर येथे सोलवटून निघाले होते. कॉनरॉड स्ट्रेटचे नाव मात्र एका मोटारीच्या तुटलेल्या कनेक्टिंग रॉडवरून आले.

हाच सुमारे १.९ किलोमीटरचा उतारता सरळ पट्टा दुचाकीसाठी सर्वांत अवघड. १९८७ मध्ये ‘द चेस’ हे वळण बांधले जाईपर्यंत वेगाला मध्ये कोठे अडसर नव्हता आणि रस्त्यावर उंचवटे होते. उंचवट्यावर पुढचे चाक हलके होते किंवा उचलले जाते. ते जमिनीला टेकताना किंचित जरी तिरके असले तरी हँडल दोन्ही बाजूंना फडफडू लागते. स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची हालचाल मंदावणारा दट्ट्या) घट्ट केला की फडफड दबते, पण पुढच्या संथ वळणात गाडी वळायला जड जाते. त्यामुळे तडजोडीची एकच जागा शोधून ठेवावी लागे.

१९७३ ते १९८२ या दशकाची खूण म्हणजे यामाहा टीझेड ७५०: पाण्याने थंड होणारे, रीड व्हॉल्व्हचे (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांचे), चार सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन. १९७४ ची पहिली आवृत्ती प्रत्यक्षात ६९४ सीसीची (सिलिंडरचा व्यास ६४ मिमी, पिस्टनचा प्रवास ५४ मिमी) होती; पुढे हा व्यास ६६.४ मिमी करून ती ७४७ सीसीची झाली. तिची धाकटी बहीण टीझेड ३५० ही रस्त्यावरच्या आरडी ३५० च्या घराण्यातली. आपल्याकडे राजदूत ३५० चालवलेल्यांना ठरावीक आरपीएमनंतर अचानक येणारा तो झटका ओळखीचा असेल. येथे तोच झटका कितीतरी मोठ्या प्रमाणात आणि कललेल्या गाडीच्या अरुंद मागच्या टायरवर.

अशा इंजिनांत तेलाचा वेगळा पुरवठा नाही, पेट्रोलमध्येच मिसळायचे. एरंडेलाच्या रेसिंग तेलासाठी प्रमाण साधारण २०:१, म्हणजे २० लिटरला १ लिटर. त्या शर्यतींचा जो ‘सुगंध’ सगळे आठवतात तो जळक्या एरंडेलाचाच. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर ऑइलवरून आलेले. हे तेल भर उष्णतेत चिकटून राहते म्हणून आवडे. पण थंडीत ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसते आणि पिस्टन रिंगांच्या खाचांत राळेसारखे साचते. त्यामुळे मिश्रण त्याच दिवशी करायचे, भरण्यापूर्वी हलवायचे आणि शर्यत संपली की टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करायचे.

तेल पेट्रोलबरोबर येते यातच खरा धोका आहे. लांब उतारावर पूर्ण वेगात थ्रॉटल बंद केला की इंजिन हजारोंच्या फेऱ्यांत फिरत राहते, पण पेट्रोल थांबल्याने तेलही थांबते. पिस्टन सिलिंडरला पकडतो, मागचे चाक जागीच अडकते. म्हणून अनुभवी स्वाराची दोन बोटे कायम क्लचवर असत. आवाज किंचित जड झाला की क्लच ओढायचा, विचार नंतर. थ्रॉटल एकदम न मिटता मधूनमधून थोडा उघडत राहणे हा दुसरा उपाय.

जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल सोडायचे याची जुळणी, चुकले तरी परिणाम तोच. इस्टर म्हणजे तिथला शरद ऋतू. बॅथर्स्टची सकाळ गारठलेली, दुपार उबदार. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागते. दुपारच्या सरावात बरोबर बसलेला मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) दुसऱ्या दिवशी सकाळी लहान पडतो, मिश्रण विरळ होते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. तपासणी अशी: वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर असतानाच क्लच ओढून त्याच क्षणी इंजिन बंद करायचे, गाडी घरंगळत आणायची आणि प्लग काढून पाहायचा. बिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक. पांढरट असेल तर जेट मोठा करायचा, काळा ओला असेल तर लहान. शंका असेल तर मोठाच ठेवावा. त्यात थोडा वेग जातो, पण इंजिन वाचते.

शर्यतीची सुरुवात बऱ्याच काळ बंद इंजिनाने, ढकलून होई. गिअर टाकून गाडी मागे ओढायची, कॉम्प्रेशन लागले की क्लच दाबायचा. झेंडा पडताच तीन-चार पावले धावून सीटवर एका बाजूने उडी मारायची आणि वजन बसते त्याच क्षणी क्लच सोडायचा. प्लग ओला असेल तर गाडी जागीच राहते, आणि मागून येणाऱ्यांना ती शेवटच्या क्षणी दिसते.

कडेला झाडे, कुंपणाचे खांब आणि गवताच्या गठड्या. पावसात भिजलेली गठडी भिंतीसारखी कडक होते. पुढे मोटारींसाठी पोलादी आर्मको कठडे आले; मोटार त्यांना घासून वाचते, पण घसरत आलेला माणूस कठड्याच्या खांबांत अडकतो. चारचाकीची सुरक्षितता वाढली तसा दुचाकीचा धोका वाढला, हे या इतिहासातले सर्वांत कडू सत्य.

माणसांची यादी मोठी आहे. केन कावानाघ हा ग्रां प्री (जागतिक मालिकेतली शर्यत) जिंकणारा पहिला ऑस्ट्रेलियन (१९५२). कीथ कॅम्पबेल १९५७ मध्ये ३५० सीसीचा जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शर्यतीत मरण पावला. टॉम फिलिस १९६१ चा १२५ सीसी विजेता, १९६२ मध्ये आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरील शर्यतीत मरण पावला. केल कॅरुदर्स १९६९ मध्ये बेनेलीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला, आणि तो या सगळ्यातून सुखरूप बाहेर पडला. बॅथर्स्टचा लाडका रॉन टूम्ब्ज १९७९ च्या इस्टरला तेथेच मरण पावला. कावासाकीचा ग्रेग हॅन्सफर्ड १९७८ आणि १९७९ ला २५० सीसीत उपविजेता होता. मोटरसायकलींनी त्याला सोडले, १९९५ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील फिलिप आयलंडला मोटारीच्या शर्यतीत त्याचा अंत झाला.

सिडनीजवळच्या अमारू पार्कची कॅस्ट्रॉल सिक्स अवर ही सहा तासांची शर्यत (१९७० पासून) म्हणजे याच काळाची दुसरी बाजू. नियम एकच: दुकानात मिळते तशीच गाडी. शर्यतीनंतर इंजिन उघडून मोजमापे घेत, त्यामुळे निकालावरून वाद ठरलेलेच. सुमारे १.९ किलोमीटरच्या त्या वळणावळणाच्या मार्गावर सायलेन्सर आणि स्टँड आधी जमिनीला घासत, मग टायर संपत. केनी ब्लेकने १९७३ ला जोडीदार न घेता सहा तास एकट्याने कावासाकी झेड१ चालवून ती जिंकली. १९८१ ला तोही आइल ऑफ मॅनवर मरण पावला.

बॅथर्स्टच्या इस्टर शर्यती संपल्या त्या केवळ अपघातांमुळे नव्हे. डोंगरावर तळ ठोकणारे प्रेक्षक आणि पोलीस यांच्यात १९८० च्या दशकात वारंवार दंगली झाल्या, १९८५ ची विशेष गाजली. दशकाच्या अखेरीस परंपरा तुटली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला जागतिक मालिकेतली ग्रां प्री मिळाली ती फिलिप आयलंडला, आणि ५०० सीसीची ती शर्यत जिंकली वेन गार्डनरने.

त्याच फिलिप आयलंडवर जानेवारीतील ‘आयलंड क्लासिक’ या जुन्या गाड्यांच्या शर्यतींमध्ये टीझेड ७५० आजही धावतात. अशी गाडी उभी करताना आधी चाके पाहावीत: जुन्या मॅग्नेशियमला वयोमानाने तडे जातात, ते रंगद्रव्याच्या चाचणीत दिसतात आणि डोळ्यांना सुटतात. क्रँकशाफ्ट, पिस्टन, चेन ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचे, बिघाडाची वाट पाहायची नाही. ड्रेन प्लगला तार बांधलेली हवी. आजचे टायर त्या चौकटीला अपेक्षित होती त्याहून कितीतरी जास्त पकड देतात. तो ताण स्टिअरिंग हेडजवळच्या वेल्डिंगवर येतो, म्हणून तेथला रंग खरवडून पाहणे नेमाचे. विमानाचे पेट्रोल वापरले तर जेटिंग नव्याने बसवावे लागते.

माउंट पॅनोरामा मात्र शर्यत नसेल तेव्हा साधा दुहेरी वाहतुकीचा रस्ता असतो. वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर, आणि कॉनरॉडच्या उतारावर पोलीस ती पाळायला लावतात.