बेशुद्धी स्पीडमुळे येत नाही, वळणामुळे येते

ऑक्टोबर 2024 मध्ये नवी मुंबईच्या नव्या रनवेवर हवाई दलाचं सी-295 मालवाहू विमान उतरलं, सुखोई फायटर डोक्यावरून गेलं, आणि तेव्हापासून पाम बीच रोडला सकाळी चालायला येणारी निम्मी मंडळी फायटर विमानांची एक्स्पर्ट झालीयेत. त्यातलं एक ठाम मत म्हणजे 'एवढ्या स्पीडला माणूस बेशुद्ध पडणारच'.

अहो, नुसत्या स्पीडचा काही संबंध नाही! ताशी 850 किलोमीटरने जाताना आपण प्रवासी विमानात निवांत चहा पितोच की. त्रास होतो दिशा बदलताना. ताशी 600 ने जाणारं विमान 700 मीटर त्रिज्येचा लूप (हवेत उभा गोल) मारतंय असं धरा, वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग भागिले त्रिज्या, त्याला 9.8 ने भागलं की 'जी' मिळतात (1 जी म्हणजे नेहमीचं गुरुत्वाकर्षण), त्यात गुरुत्वाकर्षणाचा 1 मिळवा, लूपच्या तळाला 5 जी येतात, म्हणजे पायलटला स्वतःचं वजन पाचपट वाटतं.

आता माझा आवडता भाग. हृदयापासून डोळे साधारण 30 सेंटिमीटर वर असतात. तेवढं रक्त वर चढवायला 1 जीला पाऱ्याचे 22-23 मिलिमीटर इतका दाब खर्च होतो, आणि हृदयाजवळचा सरासरी दाब असतो 95-100. दोन जीला खर्च दुप्पट, साडेचारच्या आसपास सगळा दाब चढण्यातच संपला. सोसायटीचा पंप तोच आणि मजले चौपट, मग वरच्या नळाला काय येणार? त्यात डोळ्याच्या आत स्वतःचा 15-20 चा दाब, म्हणून रक्त आधी डोळ्यात अडतं : रंग फिके होतात, कडेचं दिसेनासं होतं, मग पूर्ण काळोख, आणि पायलट अजून शुद्धीवर. ही फुकटची वॉर्निंग. पण जी झटक्यात वाढले तर ती मिळतच नाही, मेंदूतला ऑक्सिजन चार-पाच सेकंद पुरतो आणि माणूस थेट आडवा.

उपाय दोन. एक जी-सूट, जो फुगून पाय नि पोट दाबतो. दुसरा, पाय, मांड्या, पोट आवळून श्वास रोखायचा, त्याने छातीतला दाब वाढून हृदयाला मदत होते, पण त्याच दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, म्हणून दर 3 सेकंदांनी झटकन श्वास बदलायचा. (याचे व्हिडिओ 'प्राणायामाची ताकद' म्हणून फिरतात. प्राणायामात शरीर सैल सोडतात हो, इथे मांड्या दगडासारख्या करायच्यात.)

अमेरिकन नौदलाची 1946 पासूनची कसरत टीम, ब्लू एंजल्स, जी-सूट घालतच नाही! त्यांच्या स्टिकला (विमान वळवायच्या दांड्याला) सुमारे 18 किलोचा ताण देणारी स्प्रिंग असते, जेणेकरून हात सतत ओढत राहील आणि थरथरणार नाही, आणि तो हात टेकलेला असतो मांडीवर. सूट फुगला की मांडी उचलली जाणार, स्टिक हलणार, आणि शेजारचं विमान कधीकधी अर्ध्या मीटरवर. म्हणजे सगळी भिस्त स्नायूंवर. 2007 मध्ये साउथ कॅरोलिनात त्यांचा एक पायलट शो चालू असताना विमान कोसळून मेला, चौकशीत निघालं ते हेच, जी वाढताना स्नायू नीट आवळले गेले नाहीत.

आपल्या नौदलाचीही 'सागर पवन' टीम होती, 2003 पासून, गोव्याहून, किरण विमानांवर. 2010 ला हैदराबादच्या शोमध्ये दोन पायलट गेले आणि ती बंद पडली.

ब्लू एंजल्समध्ये जायला जेटवरचे साधारण 1250 तास आणि विमानवाहू नौकेवर उतरायचा अनुभव लागतो. नोकरी मात्र दोन-तीन वर्षांचीच, मग परत नौदलाच्या नेहमीच्या स्क्वाड्रनला (विमानांच्या तुकडीला), आणि तिथे गेल्यावर जी-सूट पुन्हा चढवावा लागतो.