खावटी (मराठवाडा)

खावटी : नवे पीक हाती येईपर्यंतच्या काळात कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी दिलेले धान्य किंवा रोकड. न्यायालयीन मराठीत हा शब्द पोटगीच्या अर्थानेही रूढ आहे. त्या अर्थाचा विचार येथे केलेला नाही.

शब्दाचे पूर्वपद ‘खाणे’ या धातूशी उघडपणे जोडलेले आहे. उत्तरपद मात्र ‘वृत्ति’ म्हणजे निर्वाह यापासून आले, असेही मांडता येते आणि ‘वाटा’ या शब्दाशीही त्याचा संबंध लावता येतो. दुसरी व्युत्पत्ती ऐकायला आकर्षक असली, तरी खावटी हा पिकातला हिस्सा नसून त्या पिकाच्या आशेवर घेतलेली उचल असल्याने पहिली अधिक सयुक्तिक वाटते. हा शब्द मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातील डोंगरी भागांच्या महसुली लिखाणात आढळतो. निजामी अमलातील मराठवाड्यात सरकारी कर्जासाठी ‘तगाई’ हा शब्द चाले, परंतु तगाई बी-बियाणे, बैल व विहीर यांसाठी असे, जेवणासाठी नव्हे. त्यामुळे योजनेचे नाव म्हणून ‘खावटी’ या प्रदेशात बहुधा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (1960) स्थिरावले असावे.

व्यवहार मात्र नावापेक्षा जुना आहे. आषाढ-श्रावणात कणगी आणि पेव रिकामे झाले की सावकाराकडून ज्वारी काढायची आणि रास झाल्यावर वाढीदिढीने फेडायची, अशी ही रीत होती. सवाईने काढलेल्या 4 पायल्यांच्या 5 होत आणि दिढीने 6. एवढ्यावर हिशेब संपत असता, तर तो निदान ऋणकोला कळला असता. पण आषाढातील धान्य पुष्कळदा चढ्या भावाने रुपयांत मांडले जाई आणि सुगीत ती रक्कम उतरत्या भावाने पुन्हा धान्यात वसूल होई. मधल्या काळात भाव एक तृतीयांशाने उतरला, तर व्याजाचा उच्चारही न करता 4 पायल्यांच्या 6 होत आणि त्यांवर सवाई लावली की साडेसात. खावटीचे खरे ओझे व्याजाच्या दरापेक्षा या दुहेरी रूपांतरात होते. सालगड्याला गुढीपाडव्याला ठरणाऱ्या सालातून मिळणारी आगाऊ ज्वारी आणि ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून घेतलेली उचल हे याच व्यवहाराचे जवळचे नातेवाईक होत.

राज्य शासनाने 1978 पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत (स्थापना 1972, मुख्यालय नाशिक) खावटी कर्ज योजना राबवली. तिच्यात 70 टक्के भाग कर्जाचा व 30 टक्के अनुदानाचा असे. मराठवाड्यात तिचा संबंध प्रामुख्याने नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर आणि हिंगोलीतील कळमनुरी परिसरातील आंध, गोंड, कोलाम व परधान कुटुंबांशी येतो. त्यांपैकी किनवट 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. करोनाकाळात, 2020 मध्ये, योजनेला पूर्ण अनुदानाचे रूप मिळाले आणि प्रत्येक पात्र कुटुंबासाठी 4,000 रुपये मंजूर झाले : निम्मे बँक खात्यात, निम्मे वस्तुरूपाने. वस्तूंच्या संचात मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, तूरडाळ, उडीदडाळ, साखर, मीठ, शेंगदाणा तेल, मिरची पूड, गरम मसाला व चहापत्ती होती. ज्या धान्यावरून हा सारा व्यवहार सुरू झाला ती ज्वारी त्यात नव्हती.

हीच गरज सामूहिक साठ्यातून भागवण्यासाठी केंद्राच्या ग्राम धान्य बँक योजनेत (1996-97) साधारण 30 ते 40 गरीब कुटुंबांनी मिळून धान्याचा साठा करावा आणि उसनवारीचे प्रमाण व परतफेडीची मुदत आपसांत ठरवावी, अशी कल्पना होती.

मराठवाड्यातील बिगर-आदिवासी शेतकऱ्यांसाठी खावटी हे नाव सहसा वापरले जात नाही, पण त्यांना मिळणाऱ्या साहाय्याचे प्रयोजन तेच आहे. 2015 मध्ये मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांसह राज्यातील एकूण 14 शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना दरमहा माणशी 5 किलो धान्य, गहू 2 रुपये व तांदूळ 3 रुपये किलो दराने, मिळू लागले. केंद्राकडून या योजनेसाठीचे धान्य मिळेनासे झाल्यावर 2023 मध्ये त्याऐवजी माणशी 150 रुपये आणि 2024 मध्ये 170 रुपये, कुटुंबप्रमुख महिलेच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. 5 किलोंचा मूळ हिशेब कायम धरल्यास 170 रुपये म्हणजे किलोमागे 34 रुपये होतात. बाजारभाव त्याहून चढला की कमी पडणारे धान्य लाभार्थ्याने पदरचे घालून आणायचे. रोख रकमेचे समर्थक निवडीच्या स्वातंत्र्याकडे बोट दाखवतात आणि ज्वारी खाणाऱ्या प्रदेशात त्या म्हणण्याला वजन आहे. मात्र खरिपात सोयाबीनचे क्षेत्र वाढल्यापासून पुष्कळ घरांना स्वतःच्या भाकरीची ज्वारीही आठवडी बाजारातून विकत घ्यावी लागते आणि तिचा भाव अनुदानाच्या रकमेबरोबर चढत-उतरत नाही.