सायप्रस : एका बेटाचे दोन दरवाजे

सायप्रस फिरून आलेल्या प्रवाशांची वर्णने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर ती एकाच बेटाची आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. बेटाच्या दक्षिणेतील लार्नाका विमानतळावर उतरलेला प्रवासी आया नापाचा किनारा, ट्रूडोसची देवळे आणि लिमासोलच्या हॉटेलांविषयी लिहितो. उत्तरेतील एर्जान विमानतळावर उतरलेला किरेनियाचे बंदर, बेलापाइसचा मठ आणि कार्पासच्या वाळूवर येणाऱ्या कासवांविषयी लिहितो. आणि दोन्हीकडे जाऊन आलेला बहुधा विभागलेल्या राजधानीतील, निकोसियातील नाक्यांवरच अर्धी जागा खर्च करतो. ही तफावत आवडीनिवडीपेक्षा प्रवासी कोणत्या दरवाजाने आत आला यातून निर्माण होते, आणि ते दरवाजे कोणी, केव्हा व का ठरवले हाच या टिपणाचा विषय आहे.

या बेटावर बाहेरच्यांची ये-जा फार जुनी आहे. पवित्र भूमीकडे निघालेले युरोपीय यात्रेकरू फामागुस्ता आणि लार्नाका येथे थांबत, तेथील दमट हवेला व तापाला नावे ठेवत आणि वाइनची तारीफ करत. १५७१ मध्ये व्हेनिसकडून हे बेट उस्मानी साम्राज्याकडे गेले आणि पुढे लार्नाका हे परदेशी वकिलांचे गाव बनले. एकोणिसाव्या शतकात त्यांपैकी काहींनी थडगी उकरून प्राचीन वस्तू पेट्या भरभरून परदेशी पाठवल्या. १८७८ मध्ये बेटाचा कारभार ब्रिटिशांकडे आला, आणि येथे मुंबईचा एक खरा धागा लागतो. मुंबईहून निघालेली हिंदी फौज माल्टामार्गे त्याच वर्षी सायप्रसच्या किनाऱ्यावर उतरली होती. नव्या राज्यकर्त्यांनी उन्हाळ्यातला मुक्काम ट्रूडोसच्या डोंगरात हलवला, जणू त्यांना तेथे महाबळेश्वरच सापडले. तेथील राज्यपालांच्या बंगल्याच्या बांधकामावर १८८० मध्ये एक तरुण फ्रेंच कवी देखरेखीचे काम करत होता, हे प्रवासवर्णनांत हमखास येते. कवितेला त्याने तेव्हा रामराम ठोकला होता, हे सहसा येत नाही.

१९६० मध्ये बेट स्वतंत्र झाले, दोन लष्करी तळ मात्र ब्रिटिशांनी स्वतःच्या सार्वभौमत्वाखाली ठेवले. १९६३ च्या डिसेंबरात ग्रीक व तुर्की सायप्रसवासी या दोन समाजांत रक्तपात झाला आणि युद्धविराम राखण्यासाठी एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय शांतिसेना आली. तिचे पहिले दोन्ही सेनापती भारतीय होते. दुसरे, भारताचे माजी लष्करप्रमुख, १९६५ च्या डिसेंबरात या बेटावरच निवर्तले. १९७४ च्या युद्धाच्या वेळीही शांतिसेनेची सूत्रे एका भारतीय सेनानीकडेच होती.

तणाव असूनही हा काळ पर्यटनाच्या पहिल्या भरभराटीचा होता. निकोसियाच्या विमानतळावर १९६८ मध्ये नवी इमारत उभी राहिली. प्रवासी तेथे उतरत आणि फामागुस्ताच्या वरोशा या उपनगरात किंवा किरेनियात जात. आज प्रसिद्ध असलेले आया नापा तेव्हा मठ असलेले एक लहानसे कोळ्यांचे गाव होते. १९७४ च्या जुलैत अथेन्सच्या लष्करशहांच्या पाठबळाने बंड झाले, पाच दिवसांनी तुर्की सैन्य उतरले आणि ऑगस्टमधील दुसऱ्या चढाईनंतर बेटाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे आले, हजारो तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे गेले. पर्यटनाची बहुतांश हॉटेले उत्तरेत अडकली. निकोसियाचा विमानतळ दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात सापडून कायमचा बंद झाला. तेथे एक प्रवासी विमान पंखांवर धूळ घेऊन आजही उभे आहे. लार्नाकाच्या खाऱ्या सरोवराजवळ घाईघाईने तयार केलेला विमानतळ १९७५ च्या आरंभी सुरू झाला, आणि दक्षिणेचे सारे पर्यटन त्या धावपट्टीभोवती नव्याने उभे राहिले.

यानंतरचा निर्णय प्रवासी पुस्तिकांत एका ओळीत संपवला जातो, पण प्रवाशाच्या दृष्टीने युद्धाइतकाच दूरगामी ठरला. १९७४ च्या ऑक्टोबरात सायप्रस सरकारने फामागुस्ता, किरेनिया आणि कारावोस्तासी ही बंदरे परदेशी वाहतुकीसाठी बंद झाल्याचे जाहीर केले. बंदरे ताब्यात नसताना ती बंद करण्याचा हा हुकूम वरवर पाहता हास्यास्पद वाटतो. मात्र त्यामागचे तर्कशास्त्र पक्के होते. जेथे आपले सीमाशुल्क अधिकारी, पोलीस आणि पारपत्र तपासनीस पोहोचू शकत नाहीत, तेथून होणारा प्रवेश आपण प्रवेश मानणार नाही. आणि तो प्रवेश मानला, तर ताबा घेणाऱ्याचे राज्य मान्य केल्यासारखे होईल. बंद बंदरात जहाज लावणाऱ्या कप्तानाला शिक्षा करण्याची तरतूदही कायद्यात आली.

येथे एक गुंता आहे आणि तो बहुतेक लेखनात चुकीचा मांडला जातो. हा हुकूम बंदरांविषयी होता. त्यानंतर उत्तरेत एका ब्रिटिशकालीन धावपट्टीवरून एर्जानचा विमानतळ विकसित झाला. तो ‘बंद केला’ असे म्हणणे काटेकोर नाही, कारण तो अधिकृत प्रवेशस्थान म्हणून कधी घोषितच झाला नव्हता. नागरी विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारानुसार परदेशी विमानांनी कोठे उतरावे हे ठरवण्याचा अधिकार त्या भूमीवरील मान्यताप्राप्त राज्याला असतो. उत्तरेने १९८३ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले, सुरक्षा परिषदेने ती घोषणा अवैध ठरवली आणि तुर्कस्तानखेरीज कोणीही तिला मान्यता दिली नाही. परिणामी लंडनहून एर्जानला निघालेल्या विमानाला आधी तुर्कस्तानातील एखाद्या विमानतळावर टेकावे लागते, आणि मगच ते पुढच्या उड्डाणावर निघते. उत्तरेतील एका विमान कंपनीने थेट उड्डाणाची परवानगी ब्रिटिश न्यायालयात मागितली. २००९ मध्ये ती नाकारली गेली आणि २०१० मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. त्याच वर्षी ती कंपनी बंद पडली.

उत्तरेतील लोक या व्यवस्थेला ‘एकाकी पाडणे’ म्हणतात, दक्षिणेतील लोक ‘बळकावलेल्या भूमीवर धंदा करू न देणे’ म्हणतात. प्रवासवर्णनांत पहिली भावना अधिक उमटते, कारण किरेनियाच्या रिकाम्या खानावळीत बसलेल्या मालकाची तक्रार प्रवाशाच्या कानावर थेट पडते. ज्याचे घर त्या खानावळीच्या मागच्या गल्लीत होते, तो दूर लिमासोलला असतो आणि त्याची गाठ पडतेच असे नाही. हा हुकूम तुर्की सैन्याने घेतलेल्या ताब्यातून आला. ही साधी बाब अशा वर्णनांत मागे पडते. दुसऱ्या बाजूने, पन्नास वर्षांनंतर या हुकमाचा फटका सर्वांत जास्त बसतो तो ज्यांचा युद्धाशी काही संबंध नव्हता अशा उत्तरेतील तरुण पिढीला, हेही खरे आहे. माझ्या मते हुकूम कायद्याने योग्य होता. त्याचा शेवट कसा करायचा याचा विचार मात्र तो काढताना कोणी केल्याचे दिसत नाही.

जवळजवळ एकोणतीस वर्षे या व्यवस्थेत प्रवाशासाठी एकच फट होती. निकोसियातील एकेकाळच्या सर्वांत रुबाबदार हॉटेलात शांतिसेनेचे सैनिक राहत असत, आणि त्याच्या समोरील रस्त्यावर नाका होता. दक्षिणेतून आलेला परदेशी प्रवासी तेथून सकाळी उत्तरेत जाई आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत परते. रात्र काढली, तर दक्षिणेत पुन्हा प्रवेश मिळत नसे. उत्तरेच्या अधिकाऱ्यांना शिक्का वेगळ्या कागदावर मारायला सांगणे ही तेव्हाच्या प्रत्येक अनुभवी प्रवाशाची पहिली सूचना असे, कारण पासपोर्टवरील तो शिक्का पुढे ग्रीस किंवा दक्षिण सायप्रसमध्ये नडू शकत होता. उत्तरेतून आलेल्याला दक्षिणेकडे हा मार्ग नव्हताच. स्थानिक लोकांना तर दोन्ही दिशा जवळजवळ बंद होत्या.

२३ एप्रिल २००३ रोजी उत्तरेच्या प्रशासनाने नाके अचानक खुले केले. आठवडाभरापूर्वीच सायप्रसने युरोपीय संघाच्या प्रवेशकरारावर सही केली होती आणि उत्तरेत त्या हिवाळ्यात तोडग्यासाठी प्रचंड मोर्चे निघाले होते. त्यामुळे हा निर्णय उदारपणाचा की वाफ सोडण्याचा, याबद्दल आजही एकमत नाही. दक्षिणेतील सरकार गोंधळले. आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात जाताना पासपोर्ट दाखवायचा म्हणजे सीमा मान्य करायची का, हा प्रश्न घराघरांत भांडणे लावून गेला, आणि काही विस्थापितांनी पासपोर्ट दाखवावा लागतो म्हणून जाण्याचे नाकारले. बाकीच्यांनी तासन्‌तास रांगा लावल्या. जुन्या घराचे दार उघडणाऱ्या अनोळखी माणसाने कॉफी दिली, कपाटात जपून ठेवलेला फोटोंचा अल्बम परत केला, अशा हकिकती दोन्ही बाजूंकडून मोठ्या संख्येने सांगितल्या गेल्या. दारच न उघडल्याच्याही. मोठा हिंसाचार झाला नाही, हे सर्वांनाच नवल वाटले.

पुढील एप्रिलमध्ये एकीकरणाच्या योजनेवर सार्वमत झाले. उत्तरेत सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला, दक्षिणेत सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. आठवडाभरात विभागलेलाच सायप्रस युरोपीय संघात आला. त्यासाठी केलेल्या नियमावलीत दोन भागांमधली ही रेषा संघाची बाह्य सीमा नाही असे मानले आहे, आणि तरीही ती ओलांडणाऱ्यांची तपासणी करण्याचे बंधन घातले आहे. युरोपीय नागरिक उत्तरेतून आला तरी त्याला दक्षिणेत येता येते. इतरांच्या बाबतीत, एर्जान किंवा फामागुस्तामार्गे झालेला प्रवेश सरकारच्या लेखी बेकायदा राहतो.

२००८ मध्ये निकोसियातील लेड्रा रस्त्यावरील नाका उघडल्यावर प्रवासी अनुभवाचा केंद्रबिंदू तेथे सरकला. दक्षिणेकडे साखळी दुकाने आणि आइस्क्रीम, पासपोर्ट तपासणीच्या दोन खिडक्या, मधे काही पावलांची ओसाड गल्ली, पुन्हा दोन खिडक्या, आणि मग नकली ब्रँडच्या बॅगा व डोनर कबाब. उत्तरेकडील डोंगरउतारावर दगड रंगवून काढलेला अवाढव्य झेंडा रात्री दिव्यांनी उजळतो आणि दक्षिण निकोसियाच्या गच्च्यांवरून तो टाळू म्हटल्यास टळत नाही. २०१५ पासून उत्तरेने व्हिसाचा कागद भरून घेणे बंद केले आहे. वाहन घेऊन जाणाऱ्याला मात्र नाक्यावरच्या खोक्यात वेगळा विमा काढावा लागतो, कारण दक्षिणेचा विमा पलीकडे चालत नाही. २०१६ च्या हिवाळ्यात उत्तरेने तुर्कस्तानचे घड्याळ स्वीकारले, तेव्हा लेड्रा रस्ता ओलांडताना एक तास पुढे-मागे करावा लागे. पुढील वर्षी हा प्रयोग गुंडाळला गेला. उत्तरेत चालणाऱ्या तुर्की लिराची किंमत घसरली, की दक्षिणेतील गाड्या पेट्रोल भरायला पलीकडे रांग लावतात. त्यात तत्त्वाचा प्रश्न आहे असे मानणारेही रांगेत असतात, असे म्हणतात.

२०१८ मध्ये आणखी दोन नाके उघडून एकूण संख्या नऊ झाली. २०२० च्या फेब्रुवारीअखेर साथीच्या कारणावरून चार नाके बंद करण्याचा निर्णय या वेळी दक्षिणेने घेतला, आणि त्याविरुद्ध दोन्ही बाजूंच्या लोकांनी लेड्रा रस्त्यावर निदर्शने केली. सर्व नाके सामान्यपणे सुरू व्हायला २०२१ चा जून उजाडला. दरम्यान २०२० च्या ऑक्टोबरात उत्तरेने वरोशाचा काही भाग पाहण्यासाठी खुला केला. मूळ रहिवाशांखेरीज इतरांनी तेथे वस्ती करणे अमान्य आहे, असे सुरक्षा परिषदेने १९८४ मध्येच बजावले होते, आणि या पावलाबद्दलही तिने तीव्र चिंता व्यक्त केली. आज तेथे भाड्याची सायकल मिळते. डांबरी रस्ता नवा आहे, दोन्ही बाजूंना दोर बांधलेले आहेत आणि दोरांपलीकडे छप्पर कोसळलेल्या हॉटेलांच्या बाल्कन्यांतून झाडे वाढली आहेत. काही प्रवासी हे ठिकाण छायाचित्रांसाठी अत्यंत उत्तम असल्याचे लिहितात. त्याच रस्त्यावर स्वतःच्या दुकानाची पाटी शोधणारी माणसेही येतात.

निवासाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. उत्तरेतील अनेक हॉटेले व बंगले विस्थापितांच्या जमिनीवर आहेत. एका ब्रिटिश दांपत्याने उत्तरेत बांधलेल्या घराच्या प्रकरणात २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने दक्षिणेतील न्यायालयाचा निकाल इतर सदस्यदेशांतही लागू होऊ शकतो असे ठरवले, आणि तेव्हापासून उत्तरेत घर घेणे हा केवळ स्वस्ताईचा व्यवहार राहिलेला नाही. चार दिवसांच्या पाहुण्यावर कोणी दावा लावत नाही, पण आपण ज्या अंगणात नाश्ता करतो ते कोणाचे, हे विचारणे शक्य आहे आणि काही यजमान त्याचे सरळ उत्तरही देतात.

भारतीय प्रवाशाच्या बाबतीत हा सारा इतिहास तिकीट काढतानाच समोर येतो. भारत केवळ सायप्रस प्रजासत्ताकाला मान्यता देतो आणि त्याचा उच्चायोग (दूतावास) निकोसियाच्या दक्षिण भागात आहे. उत्तरेतील विद्यापीठांत शिकायला इस्तंबूलमार्गे जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला लेड्रा रस्त्यावरून सामान्यतः परत पाठवले जाते. म्हणजे पासपोर्ट हरवला, तर रेषेपलीकडे असलेला आपलाच उच्चायोग त्याला सहजासहजी गाठता येत नाही. दक्षिणेच्या व्हिसावर लार्नाकाला उतरलेल्याला मात्र उत्तर भाग पाहून त्याच दिवशी परतता येते. सायप्रसने आता शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातील सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, सामील होण्याची तयारी चालवली आहे. तसे झाल्यास जी रेषा बाह्य सीमा नाही असे मानले आहे, तिच्यावर शेंगेनची तपासणी किती कडक करायची, याचे उत्तर द्यावे लागेल, आणि १९७४ च्या हुकमाची व २००४ च्या नियमावलीची सांगड पुन्हा घालावी लागेल.