प्लेअर पुढे जातो, कॉम्प्युटर अडतो: ओरखडलेल्या डिस्कमधून व्हिडिओ सोडवण्याची पार्श्वभूमी

जुनी, चरे पडलेली व्हिडिओ सीडी टीव्हीच्या प्लेअरमध्ये घातली तर मधेच चित्राचे चौकोन विस्कटतात, आवाज दोनदा अडखळतो आणि सिनेमा पुढे सरकतो. तीच सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून फाइल कॉपी करायला जा. ड्राइव्ह घरघरतो, पट्टी निम्म्यावर येऊन थांबते, ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ नावाची चूक दाखवली जाते आणि तोवर कॉपी झालेला भागही पुसला जातो. साध्या प्लेअरला जमलेली गोष्ट एवढ्या हुशार यंत्राला का जमू नये? हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो, पण नाही. त्याचं उत्तर डिस्क घडवणाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या वेगवेगळ्या तडजोडींमध्ये आहे. ओरखडलेल्या डिस्कमधून व्हिडिओ सोडवणारी सगळी सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरला प्लेअरसारखं वागायला शिकवण्याचे प्रयत्न.

सुरुवात गाण्यांपासून करावी लागते. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली. १२० मिमी व्यास, १.२ मिमी जाडी, आणि आत मधून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट. या वाटेवर सूक्ष्म खळगे असतात आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. एवढ्या बारीक लिखाणावर नखाएवढा ओरखडा म्हणजे प्रलयच व्हायला हवा. तो होत नाही याचं पहिलं कारण भिंगाचं आहे. लेसरचा झोत प्लास्टिकच्या पृष्ठभागावर सुमारे ०.८ मिमी रुंद असतो आणि १.२ मिमी आत, माहितीच्या थरावर पोचेपर्यंत दोनेक मायक्रोमीटरपर्यंत आवळला जातो. म्हणजे पृष्ठभागावरचा चरा लेसरला दिसतो तो अंधूकच, चश्म्यावर पडलेल्या धुळीच्या कणासारखा. तो थोडा प्रकाश अडवतो, पण सगळा नाही.

खरा धोका असतो वरच्या, छापील बाजूला. माहितीचा चमकता थर त्या बाजूच्या पातळ लाखेच्या लगेच खाली आहे. लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. नेमकं उलटं करायला हवं. तिथे थर खरवडला गेला की वाचायला काहीच उरत नाही. डिस्क उजेडासमोर धरून पाहावी. आरपार उजेड दिसला तर तेवढा भाग गेला, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही.

दुसरं कारण गणिताचं. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली एक सांकेतिक पद्धत मांडली होती. मूळ आकड्यांबरोबर थोडे जादा आकडे पाठवायचे, म्हणजे काही आकडे हरवले तरी उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता येतात. सीडीत हीच पद्धत दोन थरांत वापरली आहे आणि त्यात आणखी एक युक्ती जोडली आहे. सलग आलेली माहिती सलग लिहायची नाही, शंभरेक छोट्या गटांत (सीडीच्या भाषेत फ्रेममध्ये) विखरून लिहायची. त्यामुळे एका ओरखड्यात सलग खळगे गेले, तरी वाचल्यावर पुन्हा जुळवणी करताना ती हानी बारीक बारीक तुकड्यांत पसरते आणि प्रत्येक तुकडा दुरुस्त होण्याइतका छोटा असतो. या हिशेबाने वाटेवरची सुमारे २.५ मिमी लांबीची सलग हानी पूर्ण भरून निघते. त्याहून मोठी असेल तर प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून मधला आवाज अंदाजाने भरतो. कानाला फारसं कळत नाही.

यातूनच पुसायचा नियम आला. डिस्क गोल गोल पुसू नये, मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. आडवा चरा प्रत्येक फेरीत वाटेचा जेमतेम चराएवढा भाग खातो आणि तो भरून निघतो. वाटेच्या दिशेने गेलेला गोलाकार चरा मात्र एकाच फेरीतली लांबच लांब माहिती एका घासात घेतो.

मग कॉम्प्युटर आला आणि अंदाजाची सोय गेली. गाण्यात एखादा नमुना अंदाजाने भरला तर चालतं, प्रोग्रॅममध्ये एक बिट चुकली तरी प्रोग्रॅम कोसळू शकतो. म्हणून सीडी-रॉमसाठी दुरुस्तीचा तिसरा थर घातला गेला. डिस्कवर सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक मापाचे तुकडे, प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा. त्यातले फक्त २०४८ बाइट आपले. उरलेल्यांत ओळखीच्या खुणा, चूक ओळखणारी बेरीज आणि चूक दुरुस्त करणारे २७६ बाइट. इथेच कॉम्प्युटरचा स्वभाव पक्का झाला: सेक्टर एक तर पूर्ण बरोबर द्यायचा, नाहीतर द्यायचाच नाही.

१९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचं मानक आलं आणि त्यात मला फार आवडणारी एक तडजोड आहे. एमपेग-१ पद्धतीने आवळलेला ७४ मिनिटांचा व्हिडिओ सीडीवर बसवायचा होता आणि जागा कमी पडत होती. मग मानक ठरवणाऱ्यांनी तिसऱ्या थराचे ते २७६ बाइट काढून टाकले. सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट व्हिडिओ बसू लागला. सिनेमात क्षणभर चौकोन विस्कटले तर कोणाचं काही अडत नाही, असा तो हिशेब होता आणि प्लेअरच्या बाबतीत तो बरोबरच होता. सेक्टर वाचता आला नाही तर प्लेअर पुढचा वाचतो, कारण त्याला फक्त पुढे चालत राहायचं असतं.

कॉम्प्युटर मात्र याच डिस्ककडे फाइलींचा साठा म्हणून पाहतो. एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमधली मोठी डॅट फाइल कॉपी करताना एखादा सेक्टर अडला की ड्राइव्ह तो पुन्हा पुन्हा वाचून पाहतो, शेवटी ‘जमत नाही’ असं कळवतो आणि कॉपी करणारा प्रोग्रॅम सगळंच सोडून देतो. म्हणजे ज्या सेक्टरांमधून दुरुस्तीचा थर मुद्दाम काढला, त्यांच्याकडूनच शंभर टक्के शुद्धतेची मागणी होते. व्हिडिओ सीडी कॉपी करताना इतक्या हमखास अडते ती यामुळे. यावर पहिले उपाय निघाले ते ड्राइव्हला थेट सेक्टर मागणारे. फाइलीचं नाव घ्यायचंच नाही, अमुक क्रमांकाचा सेक्टर जसा असेल तसा कच्चा, २३५२ बाइट दे, असं ड्राइव्हला सांगायचं. बरेच ड्राइव्ह ही आज्ञा पाळतात. आयसोबस्टरसारखे प्रोग्रॅम याच जोरावर उभे राहिले.

डीव्हीडीने गणित बदललं. १९९५ मध्ये कंपन्यांची तडजोड होऊन एकच मानक ठरलं आणि १९९६ च्या अखेरीस पहिले प्लेअर विकायला आले. वाटेतलं अंतर ०.७४ मायक्रोमीटरवर आलं, लेसर ७८० नॅनोमीटरऐवजी ६५० नॅनोमीटरचा झाला, क्षमता ४.७ जीबी झाली. ०.६ मिमीच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असल्याने माहितीचा थर मधोमध सुरक्षित राहिला. छापील बाजू घासली तरी डीव्हीडी सीडीइतकी लगेच मरत नाही ती यामुळे. दुरुस्तीसाठी १६ सेक्टरांचा, म्हणजे ३२ केबीचा एक ब्लॉक केला. त्यातले बाइट तक्त्यासारखे मांडून आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी रीड-सॉलोमनचे जादा बाइट जोडले. सुमारे ६ मिमीपर्यंतची सलग हानी यात भरून निघते.

पण ब्लॉक हरला तर तो पूर्ण हरतो, १६ च्या १६ सेक्टर एकदम. व्हिडिओच्या भाषेत हे किती? सेकंदाला ५ मेगाबिट वेगाचा व्हिडिओ धरला, तर ३२ केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, जेमतेम एखादी फ्रेम. तरीही पडद्यावर खराबी जास्त वेळ दिसते. डीव्हीडीवरचा व्हिडिओ ज्या पद्धतीने आवळलेला असतो त्या एमपेग-२ मध्ये पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदात एकदाच साठवलेलं असतं. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या नाहीतर पुढच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच असतं. पूर्ण चित्रच ओरखड्यात सापडलं की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत माणसांचे चेहरे भिंतींवरून वाहत राहतात. त्यानंतर मात्र सगळं आपोआप ताळ्यावर येतं. डीव्हीडीतल्या व्हिडिओच्या व्हीओबी फाइली २०४८ बाइटच्या स्वतंत्र पाकिटांच्या बनलेल्या असतात आणि प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी ठरलेली खूण असते, म्हणून मधली पाकिटं हरवली तरी पुढच्याचा धागा सापडतो. अनुक्रमणिकेचं काम करणाऱ्या आयएफओ फाइलीची बीयूपी नावाची दुसरी प्रत डिस्कवरच असते. एका ओरखड्यात दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायची असते. आयएफओ वाचता आली नाही तर बीयूपीची प्रत घेऊन तिचं नाव बदलायचं. इतका साधा उपाय डिस्कवर तयार असतो आणि तो माहीत नसल्याने कितीतरी डिस्क कचऱ्यात गेल्या असतील.

थोडक्यात, व्हिडिओला भोकं चालतात, पण फाइल कॉपी करणाऱ्याला ती चालत नव्हती. ही अडचण सोडवली ती मुळात हार्ड डिस्क वाचवण्यासाठी लिहिलेल्या साधनांनी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या डीडी या जुन्या आज्ञेला ‘चूक आली तरी थांबू नको, त्या जागी शून्य भर’ असं सांगता येत होतं. मात्र ती खराब जागेशी झुंजत बसायची आणि चांगला भाग मागे पडायचा. १९९९ मध्ये कुर्ट गार्लोफ यांचं डीडी-रेस्क्यू आलं. २००४ पासून अंतोनियो दियास दियास यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पात त्याच्यासारख्याच नावाचं, पण वेगळं डीडीरेस्क्यू लिहिलं. दोन्ही नावांत फक्त एका रेघेचा फरक, त्यामुळे आजही गोंधळ होतो.

ग्नूच्या साधनाची खुबी त्याच्या क्रमात आणि वहीत आहे. पहिल्या फेरीत ते सहज येणारं सगळं उचलतं. अडलं की मोठी उडी मारून पुढे जातं. मग खराब पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी आत कुरतडत नेतं, शेवटी उरलेला एकेक सेक्टर खरवडतं, आणि सांगितलं तर तेवढ्यासाठीच पुन्हा प्रयत्न करतं. कुठला सेक्टर आला आणि कुठला राहिला याची नोंद नकाशाच्या फाइलीत होत राहते. त्यामुळे काम आज थांबवून उद्या पुढे चालवता येतं. डिस्क काढून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते आणि फक्त राहिलेले सेक्टर मागता येतात. याचा उपयोग फार मोठा, कारण दोन ड्राइव्ह एकाच ओरखड्यावर सारखे वागत नाहीत. एकाचा लेसर थकलेला असतो, दुसऱ्याचं भिंग वाट लवकर पकडतं. वेग कमी केला तरी फरक पडतो. गाणी वाजवण्याच्या ५२ पट वेगाला सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेते, त्या वेगात डगमगणारी डिस्क नीट वाचण्याची अपेक्षा ठेवणं जरा जास्तच.

टूथपेस्टबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर लोक विचारतात. ती चालते, पण ती ओरखडा भरत नाही. तिच्यातले बारीक कण आजूबाजूचं प्लास्टिक झिजवून खोल चराच्या धारदार कडा बोथट करतात आणि प्रकाश कमी विखुरतो. हात जड पडला तर नवे चरे पडतात. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी जेवढं येतं तेवढं उचलून घ्या, नकाशाची फाइल जपून ठेवा, मग घासा, आणि मग फक्त उरलेल्या सेक्टरांसाठी पुन्हा चालवा. घासताना काही बिघडलंच तर आधीचं हातात असतं. आणि छापील बाजूला टूथपेस्ट लावू नये, हे सांगायची वेळ येऊ नये.

घरी लिहिलेल्या डिस्कची कथा वेगळी. त्यात खळगे नसतात. रंगद्रव्याचा थर लेसरने भाजून खुणा केलेल्या असतात आणि ते द्रव्य ऊन, उष्णता आणि काळ यांनी उतरतं. वरून एकही चरा नसलेली डिस्क वाचत नाही तेव्हा बहुधा हे कारण असतं, आणि तिथे घासण्याचा काडीचा उपयोग नाही. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर लिहिणाऱ्या कॅमेऱ्यांनी आणखी एक घोळ घातला. चित्रीकरण झाल्यावर डिस्क ‘फायनलाइझ’ करायची राहिली, तर कॉम्प्युटरला ती कोरी दिसते. चित्रण मात्र डिस्कवर असतं, अनुक्रमणिका तेवढी नसते. अशा वेळी कच्चे सेक्टर उचलून त्यात व्हिडिओच्या पाकिटांच्या तोंडची खूण शोधत जायचं.

ब्लू-रेने तर भिंगाची जुनी सवलतच सोडली. २००६ साली आलेल्या या डिस्कमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत आहे, त्यामुळे ओरखडा लेसरला जवळजवळ नीट दिसतो. म्हणून तिच्यावर कडक लेप आला. तो टूथपेस्टने घासून काढला तर उरलंसुरलं संरक्षणही जातं.

आता ड्राइव्हच दुर्मिळ होत चालले आहेत. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये ड्राइव्ह नव्हता आणि हळूहळू बाकीचे लॅपटॉपही त्याच वाटेने गेले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. पण याच काळात डिस्क वाचवणाऱ्यांची एक चांगली युक्ती पुढे आली, तीही लेसरने वाचायच्या सगळ्यांत जुन्या व्हिडिओ डिस्कवर. १९७८ मध्ये विकायला आलेल्या लेझरडिस्कमध्ये चित्र अंकांत नसून लहरींच्या रूपात असतं, दुरुस्तीचं गणित लावायला तिथे जागाच नाही. एलडी-डीकोड प्रकल्पातली मंडळी प्लेअरच्या आतून लेसरचा कच्चा सिग्नलच पकडतात आणि चित्र कॉम्प्युटरवर बनवतात. शिवाय एकाच छापाच्या अनेक डिस्क वाचून त्या एकमेकींवर रचतात. एकीवर जिथे डाग असतो तिथे दुसरीवर बहुधा नसतो.

कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीवर हेच घरी करता येतं. त्याच छापाची दुसरी डिस्क मिळाली, मग ती कितीही चरे पडलेली का असेना, ती ड्राइव्हमध्ये घालून जुनीच नकाशाची फाइल पुढे चालवायची. दोन्ही डिस्कची एकूण सेक्टरसंख्या जुळते का तेवढं आधी पाहायचं, कारण सारखंच मुखपृष्ठ असलेल्या दोन डिस्क पुष्कळदा वेगळ्या साच्यांतून निघालेल्या असतात.