सेकंडहँड हेडफोन घेतलात? आधी पॅड बघा

जुना हेडफोन घेऊन ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: "बास येत नाही, आतलं काहीतरी गेलंय." बऱ्याचदा आतलं काहीच गेलेलं नसतं. कानाभोवतीचं पॅड दबून चपटं झालेलं असतं आणि फटीतून बास निसटतो. घरीच बघा. गाणं लावून दोन्ही कप हाताने हलकेच कानावर दाबा. आवाज लगेच भरला, तर स्पीकर ठणठणीत आहे, फक्त पॅड बदला.

पॅडवरचं काळं 'लेदर' बहुतेकदा पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या दमटपणाने आणि घामाने तो कुजत जातो, अगदी न वापरताही. खाडीकाठच्या ठाण्यात कपाटात ठेवलेल्या हेडफोनचेही पापुद्रे निघतात. म्हणून विकणारा "दोनदाच वापरलाय" म्हणाला, तरी पॅडची कड नखाने तपासा. पापुद्रे सुटायला लागले की क्रीम, तेल, काही लावून उपयोग नाही. धड असलेलं पॅड ओलसर फडक्याने पुसा. स्पिरिट लावलंत तर आणखी लवकर तडकेल. मखमली कापडाचं पॅड मात्र काढून, सौम्य साबण घातलेल्या कोमट पाण्यात धुता येतं. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळवा. जुलैत याला वेळ लागतो, घाई केलीत तर कुबट वास कायमचा.

नवं पॅड मॉडेल बघूनच घ्या. सोनीच्या एमडीआर-७५०६ चं पॅड कपाच्या कडेवर ताणून बसतं, सेनहायझर एचडी ६०० चं खाचेत दाबून. स्वस्तातलं जाड पॅड कानाला छान वाटतं, पण स्पीकर कानापासून लांब जातो आणि आवाज बदलतो. आम्ही ते सुचवत नाही.

पॅड काढल्यावर आत स्पंजची पातळ चकती दिसेल. जुन्या हेडफोनमध्ये तिची भुकटी होते. तिचा कण किंवा एखादा केस स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याला टेकला, तरी ठरावीक सुरांवर खरखर ऐकू येते. तिथे फुंकर, हवेचा झोत, व्हॅक्यूम काहीही नको. पडदा फार नाजूक असतो. कप पालथा धरून मऊ ब्रशने बाहेरची जाळी झाडा, बाकीचं आमच्यावर सोडा.

वायर हलवली की एका कानाचा आवाज येतो-जातो? तार बहुधा पिनेच्या मानेपाशी तुटलेली असते. नवी पिन डाग देऊन (सोल्डर करून) बसवता येते. आतल्या केसासारख्या तारांवर लाखेसारखा थर असतो, तो काढल्याशिवाय डाग धरत नाही. घरचे प्रयत्न इथेच फसतात.

कानात घालायच्या हेडफोनच्या आधीच्या मालकाच्या रबरी टिप्स सरळ टाकून द्या.

ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग बंद करा, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचऱ्यातच गेली पाहिजे. मोठ्या हेडफोनची बॅटरी बऱ्याचदा बदलता येते. इवले बड्स आम्ही उघडत नाही: सगळं चिकटवलेलं असतं, खर्च नव्याच्या जवळ जातो. तुटलेला बिजागरही डिंक लावून देत नाही, सुटा भाग मिळाला तरच काम घेतो.

येताना केबल सोबत आणा. खर्च आधी सांगतो आणि काढलेले जुने भाग तुमच्या हातात देतो.